हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब टाकण्याआधी उजेड भिंतीवर पाडून बघा

रामनवमीच्या आधीच्या आठवड्यात रात्री घोटी-सिन्नर रस्त्याने गाडी काढली, की डाव्या कडेने शिर्डीला निघालेल्या पदयात्रींच्या रांगा लागतात. चैत्रात खानदेशातून सप्तशृंग गडाकडे माणसं चालत येतात, पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या येतात. द्राक्षांच्या हंगामात ओझर-पिंपळगावच्या बाजूला मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली केव्हा पुढ्यात येईल सांगता येत नाही. हे सगळं असतं रस्त्याच्या डाव्या कडेला, आणि गाडीचा लो बीम (समोरच्याला न दिपवता खाली रस्त्यावर पडणारा झोत) मुळात याच कडेचा विचार करून घडवलेला असतो.

लो बीम भिंतीवर पाडला की उजेडाच्या वरच्या बाजूला एक स्पष्ट रेघ दिसते. रेघेच्या खाली उजेड, वर जवळपास अंधार. उजव्या अर्ध्या भागात ती रेघ आडवी, सपाट असते, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत झोत पोचत नाही. डाव्या अर्ध्या भागात मात्र ती साधारण 15 अंशांनी वर चढते. त्या चढातून कडेने चालणारा माणूस लांबूनच दिसतो, ट्रॉलीचा मागचा फाळका दिसतो, पाटी वाचता येते. या रेघेला कट-ऑफ म्हणतात. हॅलोजनसाठी, म्हणजे तारेच्या बल्बसाठी, बनवलेल्या हेडलाइटमध्ये बाजारातला एलईडी बल्ब बसवला, की सगळ्यात आधी बिघडते ती ही रेघ.

बल्ब बदलून आलेला माणूस मात्र खूश असतो. बोनेटच्या पुढचे दहा-पंधरा मीटर दुधासारखे पांढरे होतात, दोन्ही बाजूंची झाडं शेंड्यापर्यंत उजळतात आणि ‘फेक वाढला’ असं वाटतं. प्रत्यक्षात जवळचा रस्ता जितका लख्ख, तितक्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि लांबचं दिसणं कमी होतं. गणित करून बघा. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. माणूस दिसला, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद गेला तर 33 मीटर संपले. कोरड्या डांबरावर नीट ब्रेक लागले तरी पुढे आणखी 35 मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर हा आकडा 60 च्या पुढे जातो. म्हणजे आपल्याला उजेड हवा आहे 70 ते 90 मीटरवर, डाव्या कडेला. बोनेटपुढचा पांढरा पट्टा तिथे काही कामाचा नाही.

तार कुठे असते आणि चिप कुठे असते

हेडलाइट म्हणजे बल्ब नव्हे. मागची चकचकीत वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर, हे खरं यंत्र आहे, आणि त्याची प्रत्येक वक्रता हॅलोजनच्या तारेची जागा धरून काढलेली असते. ही तार चार-साडेपाच मिलिमीटर लांब आणि जेमतेम दीड मिलिमीटर जाड असते, आणि ती चहूबाजूंनी सारखा उजेड फेकते. एलईडी बल्बमध्ये तारेऐवजी एक तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी असते आणि तिच्या दोन्ही अंगांना चिप चिकटवलेल्या असतात. उजेड दोनच दिशांना जातो. पट्टी जाड असेल तर दोन्हीकडच्या चिप तारेच्या मूळ जागेपासून एकेक मिलिमीटर बाहेर सरकतात.

एका मिलिमीटरने काय होतं? रिफ्लेक्टरची फोकल लांबी 25 मिलिमीटर धरली, तर उजेडाचा उगम 1 मिलिमीटर हलल्यावर किरण दोन अंशांहून थोडा जास्त वळतो. 50 मीटरवर हा फरक दोन मीटर होतो. समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या गुडघ्यावर पडायचा उजेड थेट त्याच्या डोळ्यांत जातो, तो एवढ्यामुळे.

आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांत एच-4 बल्ब असतो, 60/55 वॅटचा, एकाच काचेत दोन तारा. तो हातात घेऊन (काचेला बोट न लावता, पत्र्याच्या कड्याला धरून) नीट बघा. पुढच्या तारेखाली चमच्यासारखी एक छोटी पत्र्याची वाटी दिसेल. ही तार लो बीमची. वाटी तिचा खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर उजेड पडतो आणि तो परावर्तित होऊन खाली रस्त्यावर येतो. वाटीची एक कड थोडी तिरकी कापलेली असते आणि कट-ऑफचा तो 15 अंशांचा चढ त्या तिरक्या कडेतूनच येतो. मागची तार हाय बीमची. तिला वाटी नाही, म्हणून पूर्ण रिफ्लेक्टर कामाला लागतो. स्वस्त एच-4 एलईडीत ही वाटी एकतर नसतेच, किंवा नुसता वाकवलेला पत्रा असतो. मग लो बीमवरही रिफ्लेक्टरचा खालचा अर्धा भाग उजळतो आणि तिथून निघालेला प्रत्येक किरण वर जातो. तुम्ही डिपर दिला तरी समोरच्याला तुम्ही अप्परवरच दिसता.

एच-7 या एकाच तारेच्या बल्बला वाटी नसते. कट-ऑफ पूर्णपणे रिफ्लेक्टरच्या पैलूंवर अवलंबून असतो, त्यामुळे तिथे चिपची जागा आणखी काटेकोर लागते. शिवाय एच-7 च्या एलईडीला बऱ्याच गाड्यांत वेगळा ॲडॅप्टर लावावा लागतो, कारण मूळ स्प्रिंग क्लिप त्याची बूड पकडत नाही. ॲडॅप्टर सैल बसला की बल्ब खड्ड्यागणिक डुलतो आणि त्याच्याबरोबर झोतही.

प्रोजेक्टर, म्हणजे गोल भिंग असलेला हेडलाइट, याबाबत थोडा बरा. तिथे कट-ऑफ आतल्या पत्र्याच्या पडद्याने कापला जातो, त्यामुळे रेघ बऱ्यापैकी टिकते आणि समोरच्याला त्रास कमी होतो. पण झोताचा मधला तीव्र भाग पसरट होतो आणि लांबचा पल्ला घटतो. दिसायला सुबक, कामाला अर्धवट. प्रोजेक्टरमध्ये एलईडी टाकलेल्याला मी लगेच काढ म्हणणार नाही, पण भिंतीवर आणि मोकळ्या रस्त्यावर तपासल्याशिवाय समाधान मानू नये.

खोक्यावरचे आकडे

‘200 वॅट, 20,000 लुमेन’ असं छापलेलं खोकं सर्रास मिळतं. लुमेन म्हणजे उजेडाचं माप. मल्टिमीटर 10 अँपिअरवर लावून एका बल्बचा करंट मोजा. 13 व्होल्टला 2 अँपिअरच्या आसपास येतो, म्हणजे खरा वापर 26 वॅट. एवढ्या विजेत ही चिप अडीच-तीन हजार लुमेन देऊ शकते, वीस हजार कधीच नाही. तुलनेसाठी, प्रमाणित एच-4 हॅलोजनचा लो बीम 13.2 व्होल्टला सुमारे 1,000 लुमेनचा आणि हाय बीम 1,650 चा असतो. म्हणजे एलईडीचा उजेड जास्त असतो हे खरं आहे. तो पडतो कुठे, एवढाच प्रश्न आहे.

खोक्यावर ‘सीई’ छापलेलं असतं. ती रस्त्यावरच्या दिव्याची मान्यता नव्हे. दिव्यासाठी बघायची खूण म्हणजे वर्तुळातला इंग्रजी ‘ई’ आणि त्याच्या शेजारचा आकडा, आणि ती हेडलाइटच्या काचेवर किंवा बॉडीवर असते. त्याच जागी ‘एचसीआर’ अशी अक्षरं असतील तर तो दिवा लो आणि हाय अशा दोन्ही झोतांसाठी, हॅलोजन धरून मंजूर झालेला आहे. खाली आडवा बाण आहे का तेही बघा. हेडलाइटकडे तोंड करून उभं राहिल्यावर बाण तुमच्या उजव्या हाताकडे असेल तर तो दिवा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा, म्हणजे आपला. बाणच नसेल तर तो उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशासाठी बनला आहे, आणि त्याचा कट-ऑफचा चढ समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल. बाहेरून मागवलेले ‘पूर्ण सेट’ घेताना हे हमखास राहून जातं.

चांगल्या कंपनीचा एलईडी घेतला तर प्रश्न मिटतो का? पूर्ण नाही. जर्मनीत 2020 मध्ये ऑसरामच्या एच-7 एलईडीला रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली, पण ती ठरावीक गाड्यांच्या ठरावीक हेडलाइटांपुरती. मॉडेलनुसार चाचणी, मॉडेलनुसार यादी. ब्रिटनमध्ये जानेवारी 2021 पासून हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब असलेली मोटार वार्षिक तपासणीत नापास होते. एकच बल्ब एका हेडलाइटमध्ये ठीक आणि दुसऱ्यात घातक ठरतो, हे याचं कारण.

इगतपुरीचा पाऊस, रबराची टोपी आणि उष्णता

हॅलोजन आपली उष्णता पुढे काचेकडे फेकतो. पावसात काचेच्या आत धरलेलं दव त्यामुळे थोड्या वेळात सुकतं. एलईडीची उष्णता मागे, बुडाकडे जाते. काच थंड राहते, दव तसंच राहतं आणि आतल्या थेंबांवर आपटून उजेड आणखी विखुरतो. जुलैत कसारा घाटातून इगतपुरीकडे चढताना धुक्यात याचा अनुभव येतो. धुक्यासाठी 6,000-6,500 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) निळसर पांढरा उजेड अगदी गैरसोयीचा, कारण समोर परतणारी पांढरी भिंत डोळ्यांना जास्त टोचते. हॅलोजनचा 3,200 च्या आसपासचा पिवळसर उजेड धुकं भेदतो असं नाही, पण तो डोळ्यांना कमी थकवतो. धुक्यात लो बीम आणि असतील तर खालचे फॉग लॅम्प, हाय बीम बंद, एवढंच.

आता खरी नासाडी कुठे होते ते सांगतो. एच-4 च्या मागे रबराची गोल टोपी असते, तिच्यावर ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर ठेवायची असते. एलईडीच्या बुडाला पंखा आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) असल्यामुळे तो टोपीत मावत नाही. मग वायरमन ब्लेडने टोपी कापतो, किंवा काढूनच टाकतो. उन्हाळ्यात त्या भोकातून धूळ जाते आणि पावसाळ्यात इंजिनबेमधली वाफ. एका पावसाळ्यात रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा मुलामा काळवंडतो, आणि तो पुसायला गेलं तर कापडाबरोबर निघून येतो. तेव्हा बल्ब दोन हजारांचा आणि नुकसान संपूर्ण हेडलाइटचं. उलट, टोपी न कापता कोंबून बसवली तर पंख्याला हवा मिळत नाही. चांगला ड्रायव्हर, म्हणजे चिपला वीज पुरवणारं सर्किट, अशा वेळी करंट कमी करतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी उजेड उतरलेला जाणवतो. साधा ड्रायव्हर सरळ जळतो, आणि जळतो तो बहुधा लांबच्या प्रवासात, कारण तिथेच तो तासन् तास चालू असतो.

नव्या गाड्यांत कमी करंट बघून डॅशबोर्डवर ‘बल्ब खराब’ची खूण येते. ती घालवायला 6 ओमचा, सोनेरी ॲल्युमिनियमच्या कवचातला रेझिस्टर लावतात. 13.5 व्होल्टला त्यात सव्वादोन अँपिअर वाहतात, म्हणजे 30 वॅट निव्वळ उष्णता. तो शंभर अंशांच्या वर सहज जातो. हा रेझिस्टर टेपपट्टीने वायरिंगलाच गुंडाळलेला किंवा बंपरच्या आतल्या प्लास्टिकवर टेकलेला असेल तर आग लागायचं ते ठिकाण आहे. लावायचाच तर बॉडीच्या पत्र्यावर, स्क्रूने, वायरपासून दूर.

एलईडीच्या ड्रायव्हरचा आवाज एफएमवर आला, किंवा दिवे लावल्यावर रिमोट चावी जवळ आल्याशिवाय लागेना, तर ती विजेची फालतू घरघर आहे आणि ती स्वस्त सर्किटची खूण समजावी.

एलईडी नको म्हणून कोणी 100/90 वॅटचा हॅलोजन सुचवेल. तोही घेऊ नका. दोन्ही बाजू मिळून साडेआठऐवजी चौदा अँपिअर जातात, कपलर (बल्बला वायर जोडणारा सॉकेट) पिवळा पडून कडक होतो आणि एके दिवशी वितळतो. प्लास्टिकच्या रिफ्लेक्टरवर धुरकट थर चढतो तो वेगळाच.

कायदा काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 106 वा नियम वाचण्यासारखा आहे. दिव्यासमोर 8 मीटरवर, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून 1.5 मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्याला दिपवेल असा पुढचा दिवा चालत नाही. ही चाचणी घरी होते. मित्राला लो बीम लावायला सांगा, टेपने 8 मीटर मोजा, ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा मीटर सरका आणि डोळे दीड मीटरवर येतील असं उभं राहा. डोळे मिटावेसे वाटले तर उत्तर मिळालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ (4) नुसार परवानगी नसलेला बदल केलेल्या गाडीच्या मालकाला बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दुकानदाराची पावती इथे कामाला येत नाही, जबाबदारी मालकाची.

आधी हे करा

उजेड कमी वाटतो म्हणून बल्ब बदलायला निघालेल्या दहातल्या बऱ्याच गाड्यांचा आजार दुसराच असतो. माझा आग्रह आहे की हा क्रम सोडू नये.

काच बघा. पिवळी, खरखरीत झाली असेल तर पाणी मारत 1000, मग 2000, मग 3000 नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, पॉलिश करा आणि यूव्ही कोटिंग द्या. कोटिंगशिवाय नाशिकच्या उन्हात काही महिन्यांत काच परत पिवळी पडते. टूथपेस्टने चमक येते, टिकत नाही.

मग व्होल्टेज. इंजिन चालू, लो बीम चालू, मल्टिमीटरने आधी बॅटरीवर मोजा, मग बल्ब जोडलेला असतानाच कपलरच्या मागून पिना टेकवून. बॅटरीवर 13.8 आणि कपलरवर 12 आले तर वायर, स्विच आणि अर्थिंग मधल्या मध्ये व्होल्टेज खातात. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो. 13.2 चे 12 झाले की उजेड 28 टक्के घटतो, 11.5 झाले की जवळपास 40 टक्के. हा गेलेला उजेड रिले वायरिंगने परत येतो. रिले म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीच्या प्लसपासून, 15 सेंटिमीटरच्या आत फ्यूज लावून, 2.5 चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या 30 नंबरच्या पिनला द्या. 87 वरून दोन्ही बल्बना, जुन्या कपलरचा सिग्नल 85-86 ला. लो आणि हायसाठी वेगळे रिले, प्रत्येकाला 15 अँपिअरचा फ्यूज. अर्थ स्वतंत्र, रंग खरवडून थेट बॉडीला. काळा झालेला कपलर असेल तर सिरॅमिकचा घाला. बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे चालवणारा संगणक) असलेल्या नव्या गाडीत मात्र हे काम आधी वायरिंग डायग्राम बघूनच, आणि वॉरंटी चालू असेल तर हात लावूच नये.

मग बल्ब. नावाजलेल्या कंपनीचा, 60/55 वॅटचाच, दोन्ही बाजूंचे एकदम. जास्त उजेडाचे हॅलोजन याच वॅटेजमध्ये मिळतात, त्यांचं आयुष्य कमी असतं एवढंच. बसवताना कड्याचा रुंद दात वर, क्लिप दोन्हीकडे बसल्याचा आवाज ऐका, काचेला बोट लागलं तर स्पिरिटने पुसा.

फोकस सेट करणं शेवटी, पण कधीच वगळू नये. टायरमध्ये बरोबर हवा, अर्धी टाकी, ड्रायव्हरच्या जागी माणूस, लेव्हलरची (आतून झोत वर-खाली करायची) चकती 0 वर. गाडी सपाट जागेवर, साध्या रंगवलेल्या भिंतीसमोर 10 मीटरवर. शटर नको, नालीदार पत्र्यावर रेघ तुटते. जमिनीपासून बल्बच्या मध्याची उंची मोजा, भिंतीवर तेवढ्याच उंचीवर टेप लावा आणि त्याखाली 10 सेंटिमीटरवर, म्हणजे अंतराच्या 1 टक्का खाली, दुसरी टेप. हेडलाइटवर किंवा बोनेटखालच्या स्टिकरवर 1.0 ऐवजी 1.2 टक्के लिहिलं असेल तर 12 सेंटिमीटर. एका दिव्यापुढे पुठ्ठा धरा, दुसऱ्याचा कट-ऑफ स्क्रूने खालच्या टेपवर आणा, मग उलट. गडावर जाताना मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असेल तर चकती 2 किंवा 3 वर न्या, नाहीतर नीट लावलेला फोकसही वर उठतो.

एलईडी तरीही लावायचाच असेल

सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटचा, कंपनीने एलईडीसकट बनवलेला अख्खा हेडलाइट. महाग पडतो, वायरिंग किंवा कोडिंग लागू शकतं, आणि बदल गाडीला मंजूर आहे का हे नाशिकला पेठ रोडच्या आरटीओत आधी विचारावं लागतं. पण रिफ्लेक्टर, चिप आणि काच एकमेकांसाठी बनलेले असतात.

नुसता बल्ब बघणार असाल तर पट्टी दीड-दोन मिलिमीटरहून जाड नको, चिपची लांबी तारेएवढी आणि जागा हॅलोजन शेजारी धरून जुळणारी हवी, एच-4 ला खोल वाटी हवी, कडं ॲलन स्क्रूने फिरवता यावं. दुकानदाराला आधीच सांगा की भिंतीवर न जमल्यास परत करणार. हॅलोजन असताना भिंतीवरच्या कट-ऑफवर टेप लावून फोटो काढा, गाडी न हलवता एका बाजूला एलईडी बसवा, चिप घड्याळातल्या 3 आणि 9 च्या दिशेला येतील असा. रेघ टेपवर धारदार पडली, डावीकडचा चढ टिकला, रेघेच्या वर डाग किंवा धुरकट पट्टा नाही, आणि अर्ध्या तासानेही उजेड तोच आहे, तरच दुसरा बसवा. झोत वर जातो म्हणून स्क्रूने हेडलाइट खाली पाडून समोरच्याला वाचवायचा उपाय करू नका. विखुरलेले किरण तरीही वर राहतात आणि रस्त्यावरचा पल्ला 30 मीटरवर येतो.

काढलेले हॅलोजन फेकू नका. मूळ खोक्यात, काचेला काही टेकणार नाही असे गुंडाळून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, आणि न कापलेली रबराची टोपी त्यांच्याबरोबर. एलईडीचा ड्रायव्हर रात्री घाटात गेला तर हॅझर्ड लावून लेबेत (गाडी बाजूला घ्यायच्या जागेत) थांबायचं आणि टॉर्चच्या उजेडात हे दोन बल्ब परत घालायचे. क्लिप कशी निघते हे एकदा दिवसा, घरी करून बघितलेलं असावं.